पाठीवरचं ओझं करियरवर उतरवताना

प्रश्न : मी कोथरूडला डहाणूकर कॉलनीत राहते, वय ४३. दिवाळीनंतर ऑफिसला सायकलने जायला लागले. कर्वे रोड, नळ स्टॉप, लॉ कॉलेज रोड, मग सेनापती बापट रस्त्याचा चढ आणि विद्यापीठाच्या अलीकडे ऑफिस. एका बाजूचे सात-आठ किलोमीटर. सायकल हायब्रिड, पुढे शॉकॲब्सॉर्बर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. सॅकमध्ये लॅपटॉप, डबा, पाणी आणि बदलायचा कुडता. पाठ घामाने भिजते, आणि महिनाभर खांदे व मान दुखतेय. दुकानदाराने सीटच्या खांबाला आवळायचं करियर दिलं. त्यावर इलॅस्टिकच्या दोरीने सॅक बांधली, तर नळ स्टॉपच्या सिग्नलजवळ ती एका बाजूला घसरून लोंबायला लागली. डबा सांडला, लॅपटॉप थोडक्यात वाचला. नवरा म्हणतो सॅकच बरी. मैत्रीण म्हणते पुढे बास्केट लाव. मुलगी मोबाइलवर परदेशी बॅगा दाखवते. माझं बजेट तीन हजार, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि पावसाळा तोंडावर. काय करू? (नाव छापू नये.)

ताई, तुमचं पत्र वाचून आधी बरं वाटलं. मे महिन्याच्या उन्हात सेनापती बापट रस्त्याचा चढ पाठीवर सॅक घेऊन चढणारं माणूस मध्येच सायकल सोडून देत नाही, उपाय विचारतं, याचं मला फार मोल वाटतं. मीही वर्षानुवर्षं पुण्यात सायकलवरच कामाला गेलो आहे. ओझं कसं न्यायचं हे न कळल्यामुळे सायकल जिन्याखाली धूळ खात पडलेली मी कित्येकांच्या घरी पाहिली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आज संध्याकाळी एक काम करा. घरातल्या वजनकाट्यावर आधी सॅक न घेता उभ्या राहा, मग घेऊन, आणि वजाबाकी करा. लॅपटॉप आणि चार्जर मिळून दोन किलोच्या आसपास, भरलेला डबा एक किलो, लिटरभर पाणी एक किलो, कुडता, टॉवेल, कुलूप, छत्री. बेरीज सहा-सात किलोंवर जाईल असा माझा अंदाज आहे. मग त्यातलं रोज न्यायलाच हवं असं काय, ते पाहा. दुसरा चार्जर ऑफिसच्या खणात ठेवता येतो. पाणी तिथे भरता येतं. वाटेत प्यायला अर्ध्या लिटरची बाटली सायकलच्या दांडीला लागते. सोमवारी तीन कुडते एकदम नेले की बुधवारपर्यंत कपड्यांचं ओझं नाही. एवढ्याने दीड-दोन किलो कमी होतात, तेही पैसा न खर्चता.

तरी चार-पाच किलो उरतातच. ते पाठीवर नकोत. सायकलवर आपण पुढे झुकलेले असतो, त्यामुळे सॅकचे पट्टे खांद्याला मागे-खाली ओढत राहतात आणि मान वर ठेवण्यासाठी स्नायू ताणलेले राहतात. पाठीला हवा लागत नाही, घाम सुकत नाही. शिवाय ते वजन सगळ्यात उंच जागी असतं, म्हणून खड्डा चुकवताना अंगाबरोबर तेही हेलकावतं. तुमच्या यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इतकंच की पाठीवरचा लॅपटॉप धक्क्यांपासून चांगला जपला जातो, कारण मधे आपलं अंग असतं. दोन-अडीच किलोंपर्यंत सॅक ठीक, छातीवरचा पट्टा लावून. त्यापुढे नाही. आणि दुखणं हातात उतरत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर बॅग बदलून वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता नळ स्टॉपला काय झालं ते. सॅकचा तळ गोल आणि मऊ, करियर अरुंद, आणि दोरीला दोन टोकांना दोन आकडे. अशी दोरी सॅकला वरून दाबते, पण आडवं सरकायला अडवत नाही. सीटच्या खांबाला आवळलेलं करियर स्वतःच डावी-उजवीकडे फिरू शकतं, कारण ते एकाच चिमट्यावर तोललेलं असतं. जरा ढिलं पडलं की वळणावर सगळंच फिरतं. अशा करियरवर बहुधा दहा किलो किंवा त्याहून कमी आकडा छापलेला असतो, तोही वर ठेवलेल्या स्थिर वजनासाठी. बाजूला पिशवी लटकवायला ते मुळीच चालत नाही. खाली पिशवीला अडवणारी सळई नसते आणि पिशवी थेट चाकाच्या तारांत जाते. तुमच्या सॅकचा लोंबता पट्टा तारांत गेला नाही, हे फार बरं झालं. माझ्या हँडलला लटकवलेली भाजीची पिशवी एकदा पुढच्या चाकात गेली होती आणि चाक जागच्या जागी थांबलं. हनुवटीवर सात टाके पडले. तेव्हापासून हँडलला मी काहीही अडकवत नाही, कोथिंबिरीची जुडीसुद्धा नाही. तुम्हीही अडकवू नका.

म्हणून पहिला खर्च बॅगेवर नको, करियरवर करा. मला या पत्रात एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ती ही. लोक महागडी बॅग आणतात आणि डुगडुगत्या करियरवर अडकवतात. तुम्हाला हवं ते करियर चार जागी बसतं : खाली मागच्या चाकाच्या आसापाशी दोन पाय, वर सीटखालच्या दोन नळ्यांना दोन हात. तुमच्या सायकलच्या सांगाड्यात या चार ठिकाणी आटे पाडलेली भोकं आहेत का, ते आज बघा. बऱ्याच हायब्रिड सायकलींना असतात, कधी प्लास्टिकच्या टोपणाने किंवा रिकाम्या बोल्टने बुजवलेली. मागच्या डिस्क ब्रेकचं यंत्र डाव्या बाजूला असतं, आणि साध्या करियरचा डावा पाय नेमका त्याला आपटतो. दुकानात ‘डिस्क ब्रेकला चालणारं’ असं स्पष्ट सांगून मागा. त्याचे पाय बाहेरच्या बाजूला वाकवलेले असतात. सायकल बरोबर घेऊन जा आणि तिथेच बसवून घ्या. करियरवर २५ किलो किंवा तसा आकडा कोरलेला असला पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना खालपर्यंत जाणारी सळई हवी.

बसवताना कारागिराशेजारी उभ्या राहा. या भोकांत बहुतेक ५ मिलिमीटरचा बोल्ट जातो आणि त्याला ४ मिलिमीटरची षटकोनी किल्ली लागते. बोल्ट बसेना म्हणून कोणी भोक मोठं करू लागला तर थांबवा, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे आटे एकदा गेले की गेले. प्रत्येक बोल्टखाली स्प्रिंग वायसर घालून घ्या. आपल्या रस्त्यांवरचे स्पीडब्रेकर आणि पेव्हर ब्लॉक बोल्ट हळूहळू सैल करतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यानंतर एकदा आणि पुढे महिन्याला एकदा चारही बोल्ट आवळायचे. ती किल्ली स्वतःच्या पिशवीत असू द्या.

करियर पक्कं झालं की त्यावर काय, हा प्रश्न पुष्कळ सोपा होतो.

जुन्या दूधवाल्यांच्या सायकली आठवतात का? करियरच्या दोन्ही अंगांना आकड्याने लटकवलेले कॅन, चाकाच्या आसाच्या जवळपास, जमिनीपासून वीतभर वर. त्यांची सायकल रिकामी असताना डुलायची आणि भरलेली असताना रेल्वेसारखी सरळ जायची. वजन जितकं खाली तितकी सायकल स्थिर, हे त्या लोकांनी रोज पहाटे वापरून सिद्ध केलेलं आहे. त्याच्याही आधी आपल्याकडे घोड्याच्या पाठीवर खुर्जी असायची आणि लमाणांच्या बैलांवर दोन्हीकडे लोंबणाऱ्या गोण्या. मुलगी तुम्हाला मोबाइलवर जी परदेशी ‘पॅनिअर’ दाखवते आहे, तीही जातीने तीच. पाव ठेवायच्या टोपलीसाठी जो लॅटिन शब्द होता, त्यापासून फ्रेंचमधून आलेला तो शब्द. जनावराच्या पाठीवरच्या टोपल्यांना तो म्हणायचे, मग सायकलच्या पिशव्यांना म्हणू लागले.

तुमच्यासाठी माझा सल्ला हाच : करियरच्या बाजूला अडकवायची एक पिशवी. जोडी नको, एकच. चार-पाच किलो एका बाजूला असले तर पहिल्या दोन वळणांवर जाणवतं, मग अंग सावरून घेतं. आठ किलोंच्या पुढे गेलात तर दोन्हीकडे वाटायला हवं, पण तेवढं तुम्ही नेत नाही.

पिशवी घेताना मात्र सायकलपेक्षा जिन्याचा विचार आधी करा. सायकलवर ती पाऊण तास राहील. त्यानंतर ती हातात घेऊन ऑफिसच्या दारातून आत जायचं आहे, आणि संध्याकाळी तीन मजले चढायचे आहेत, बहुधा दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असताना. म्हणून तिला खांद्याला लावायचा रुंद पट्टा पाहिजे आणि करियरवरून ती एका हाताने, एका हिसक्यात सुटली पाहिजे. वेलक्रोच्या तीन पट्ट्यांनी बांधायच्या पिशव्या स्वस्त असतात, लांबच्या सफरीला ठीकही असतात, पण रोज चार वेळा बांधा-सोडा करणं तुम्ही दहाव्या दिवशी बंद कराल. मग पिशवी सायकलवरच राहील आणि तुमच्या पाठीवर पुन्हा सॅक येईल. हे मी अनेकांच्या बाबतीत होताना पाहिलं आहे. वर दोन आकडे आणि खाली सळईला धरणारी एक कडी असेल, तरच घ्या. खालची कडी नसली की खड्ड्यात पिशवी उसळून बाहेर फेकली जाते. आकडे तुमच्या करियरच्या नळीवर नीट बसतात का, ढिले राहिले तर आतली पट्टी घालून घट्ट होतात का, हे दुकानातच लावून पाहा. आणि पिशवी अडकवून पेडल उलटं फिरवा, टाच लागते का बघा. लागत असेल तर पिशवी करियरवर मागे सरकवायची. तेवढी जागा नसेल तर ती पिशवी तुमची नाही, कितीही आवडली तरी.

तीन हजारांत परदेशी वॉटरप्रूफ जोडी येणार नाही, हे मुलीला समजावून सांगा. पण तिला एक गोष्टही सांगा. अशा पिशव्यांसाठी प्रसिद्ध असलेली ऑर्टलीब ही जर्मन कंपनी १९८२ साली सुरू झाली. तिचा संस्थापक इंग्लंडमध्ये भर पावसात सायकल चालवत होता. त्याचं सामान भिजत होतं आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकवरचा माल ताडपत्रीखाली कोरडा होता. त्याने त्या ताडपत्रीची पिशवी शिवली. ताडपत्री आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. रिक्षाचे हूड, गाड्यांची सीटकव्हरं शिवणारे कारागीर तुमच्या आसपास असतील. त्यांच्याकडचं मशीन हे जाड कापड शिवतं. तुमच्या एखाद्या जुन्या लॅपटॉप बॅगेला मागून प्लायवुडचा पातळ तुकडा, वर दोन मजबूत आकडे आणि खाली कडी बसवून द्यायला ते तयार होतात. मी स्वतःची पिशवी अशीच करून घेतली आणि ती सहा पावसाळे टिकली. शिवणीतून पाणी झिरपतं एवढाच तिचा दोष, त्यावरचा उपाय पुढे सांगतो. दोन तृतीयांश पैसे करियरवर आणि ते बसवण्यावर गेले तरी चालतील, उरलेल्यात अशी पिशवी नक्की होईल.

मैत्रिणीच्या बास्केटबद्दल. बास्केट वाईट नाही, पण तुमच्या सायकलला ती मानवणार नाही. जुन्या लेडीज सायकलींना जी बास्केट असायची तिला खालून दोन सळया पुढच्या चाकाच्या आसापर्यंत गेलेल्या असत, म्हणजे वजन चाकावर जायचं. तुमच्या सायकलचं पुढचं चाक ज्या चिमट्यात बसतं त्यात शॉकॲब्सॉर्बर आहे, तो वरखाली होतो, त्यामुळे अशा सळया लावता येत नाहीत. मग बास्केट नुसत्या हँडलवर टांगलेली राहते, आणि लॅपटॉप-डबा घातला की हँडल जड होऊन आपोआप वळायला लागतं. स्टँडवर लावताच पुढचं चाक गर्रकन फिरतं. हँडलवर छोटी, किलोभराची पिशवी चालेल, रेनकोट आणि पाकिटासाठी.

पत्रात तुम्ही विचारलेलं नाही, पण भाजीचा प्लास्टिकचा क्रेट करियरवर पक्का बांधणारेही बरेच आहेत. स्वस्त, आणि आहे ती सॅक तशीच आत टाकता येते. मी तो तुम्हाला दुसऱ्या क्रमांकावर सुचवेन. वजन उंच राहतं, आणि तुमच्या सायकलला आडवी दांडी असेल तर पाय मागून टाकताना क्रेट अडतो. कधी करियरवर काही बांधायची वेळ आलीच तर आकड्यांची इलॅस्टिक दोरी टाळा. ताणलेला आकडा सुटून डोळ्याला लागतो. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब मागा, लांब पट्टी कापा आणि गाठ मारून बांधा. रबर सामानाला चिकटून धरतं. पोती, पेपरचे गठ्ठे, गॅसच्या टाक्या या गावात अशाच ट्यूबने बांधून गेल्या आहेत. आणि सॅकचे पट्टे आधी आत खोचायचे.

पिशवी कोणत्या बाजूला? मी डावीकडे म्हणेन. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जातो, बस आणि रिक्षा उजवीकडून घासून पुढे जातात. कर्वे रोडवर उजवीकडे वीतभर बाहेर आलेली पिशवी मला नको वाटते. तोटा असा की सायकलचं स्टँडही डावीकडे असतं, त्यामुळे उभी करताना सायकल जास्त कलते. उतरलात की आधी पिशवी काढा, मग स्टँड लावा. सायकल हातात धरून बरंच चालावं लागत असेल तर मात्र डावीकडची पिशवी पोटरीला लागत राहते. तुमच्या ऑफिसचं पार्किंग तसं असेल तर उजवीकडे लावून बघा.

आत भरायची रीत. डबा तळाला, उभा, पुढच्या बाजूला. आमटी न्यायची तर फिरकीच्या झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा पुन्हा पिशवीत. लॅपटॉप चाकाच्या बाजूला, कडक पाठीला टेकून, उभा. त्याच्याखाली दोन बोटं जाडीचा फोमचा तुकडा नक्की घाला. करियरवरचा धक्का खालून येतो आणि लॅपटॉपची कडा थेट तळावर आपटते, पाठीवर असताना हा त्रास नव्हता. माझ्या लॅपटॉपचा कोपरा मी असाच फोडून घेतला आहे. फोमसाठी दुकान शोधायची गरज नाही, जुनी योगाची चटई कापली तरी झालं.

आणि पाऊस. तो जूनमध्ये येतो तेव्हा पहिल्याच दिवशी येतो, पूर्वसूचना देऊन नाही. वरून येणाऱ्या पावसापेक्षा चाकाने उडवलेला चिखल पिशवीला जास्त भिजवतो, म्हणून पूर्ण लांबीचे मडगार्ड आधी लावा. नसतील तर करियरच्या खर्चात धरा. मघाशी म्हटलेला शिवणीचा उपाय हा : पिशवी कितीही चांगली असली तरी लॅपटॉप आणि कपडे आत वेगवेगळ्या जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत, तोंड दोनदा दुमडून. किराणा दुकानात तांदळाच्या पाच किलोंच्या ज्या पिशव्या येतात, त्या मी वापरतो. मग वरून झिरपलं, डबा सांडला, काही झालं तरी लॅपटॉप कोरडा. पावसात सायकल थांबायला जास्त अंतर घेते, मागे वजन असताना आणखी. सेनापती बापट रस्ता उतरताना ब्रेक नेहमीपेक्षा बरेच आधी धरा, दोन्ही एकदम, हळूहळू.

मागच्या चाकात हवा थोडी जास्त ठेवा. महिन्याभराने मागच्या चाकाच्या तारा एकदा कारागिराकडून तपासून घ्या, साखळीच्या बाजूच्या तारांवर ताण सगळ्यात जास्त असतो आणि तुटते ती बहुधा तिथलीच.

ऑफिसात लोक काय म्हणतील, असं तुम्ही थेट लिहिलेलं नाही, पण बास्केटविषयीच्या वाक्यात मला ते जरा ऐकू आलं. ताई, मुंबईचे डबेवाले स्टेशनबाहेर करियरला आणि हँडलला डबे लावून निघतात तेव्हा लोक त्यांना वाट करून देतात. तुमच्या पिशवीकडे पहिले दोन दिवस बघतील. तिसऱ्या दिवशी कोणीतरी जवळ येऊन ‘ही कुठून घेतली’ असं विचारेल.

रविवारी सकाळी सहाला, रस्ते मोकळे असताना, एक फेरी मारून बघा. पिशवीत लॅपटॉप आणि बाकीच्या सामानाऐवजी पाण्याने भरलेल्या लिटरभराच्या चार बाटल्या ठेवा, साधारण तेवढंच वजन होतं. म्हात्रे पुलापर्यंत जाऊन या, एक-दोन स्पीडब्रेकर मुद्दाम घ्या, सिग्नलला थांबल्यासारखं थांबून पुन्हा निघा. खडखड आवाज येत असेल तर तो बोल्टचा की आकड्याचा, ते तिथेच शोधा. आणि निघण्याआधी मागे उभं राहून कोणाला तरी पाहायला सांगा : सीटच्या खांबावरचा तांबडा दिवा पिशवीमागे झाकला जात असेल तर तो काढून करियरच्या मागच्या टोकाला बसवायचा आहे.